टाचणांपासून रियासतीपर्यंत : गो. स. सरदेसाई यांच्या विषयवार वाचनाची जीवनकथा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात इतिहासलेखनाला मिळणारी जागा बहुधा परिशिष्टाची असते. कविता, नाटक, कादंबरी यांची प्रकरणे संपली की 'इतर गद्य' या मथळ्याखाली इतिहासकारांची नावे दोन-चार परिच्छेदांत उरकली जातात. त्या परिच्छेदांत गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव न चुकता येते, 'रियासतकार' ही उपाधीही येते आणि त्यांच्या ग्रंथांची संख्या सांगून विषय संपतो. एवढा मोठा ग्रंथसंभार एका माणसाच्या हातून कसा उभा राहिला, वाचलेले सारे त्याने कोणत्या रचनेत बसवले आणि त्या रचनेने त्याला काय दिले व काय नाकारले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात सरदेसाई यांचे जीवन याच एका अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न सुचण्यास एक प्रत्यक्ष प्रसंग कारण झाला. भीमेकाठच्या पळसदेव गावाहून पदव्युत्तर वर्गाला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मोरोपंतांवरील निबंधासाठी काढलेली टिपणे मला दाखवली. मोरोपंतांचे बारामतीतील वास्तव्य आणि त्यांना आश्रय देणारे बाबूजी नाईक यांच्याविषयी त्याला मराठी रियासतीतून माहिती हवी होती. त्याने खंड पहिल्या पानापासून वाचावयास घेतले होते आणि पानांच्या क्रमाने वही भरत आणली होती. वहीत बाबूजी नाईकांचा उल्लेख निरनिराळ्या ठिकाणी विखुरला होता. पण त्या उल्लेखांतून माणूस उभा राहत नव्हता. टिपणे विषयवार लावावीत असे मी त्याला सांगितले. त्यावर, विषय कोणते हे वाचण्यापूर्वी कसे ठरवावयाचे, असे त्याने विचारले. या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. ज्या ग्रंथातून तो टिपणे काढत होता तो ग्रंथच मुळात अशा टिपणांतून जन्मला होता, हे मात्र आठवले. म्हणून उत्तर शोधण्यासाठी सरदेसाई यांच्या चरित्राकडे वळणे भाग पडले.

१. गोविल ते बडोदे

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहान गावी झाला. कोकणातील मध्यम स्थितीच्या कुटुंबात जन्मलेल्या त्या पिढीतील अनेक मुलांप्रमाणे शिक्षणासाठी त्यांनाही घर सोडावे लागले. रत्नागिरीस शालेय शिक्षण आणि पुढे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन १८८८ साली ते पदवीधर झाले. इतिहास हा आपल्या जन्माचा व्यवसाय होईल असे त्या वेळी त्यांच्या मनात असल्याचे दिसत नाही. पदवी मिळाल्यावर चाकरी शोधणे हेच त्या काळच्या पदवीधराचे पहिले कर्तव्य होते आणि सरदेसाई त्याला अपवाद नव्हते.

१८८९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे वाचक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या पदाचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. सयाजीराव १८७५ साली दत्तकविधानाने गादीवर आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाले. उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाची भूक त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. राज्यकारभाराच्या धावपळीतून वेळ काढून ते निरनिराळ्या विषयांवरील ग्रंथ वाचून घेत. वाचकाचे काम केवळ मोठ्याने वाचण्याचे नव्हते. ग्रंथ आधी स्वतः वाचावयाचा, त्यातील सार काढावयाचे आणि महाराजांनी मध्येच शंका विचारली तर तिचे उत्तर तयार ठेवावयाचे, असे ते काम होते. अशा वाचनाला टाचण अपरिहार्य असते. दुसऱ्यासाठी वाचणाऱ्या माणसाला स्मरणावर विसंबून चालत नाही.

महाराजांच्या सूचनेवरून याच काळात सरदेसाई यांनी मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स' आणि सीली या इंग्रज इतिहासकाराचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ मराठीत आणला. हे दोन्ही ग्रंथ घटनांची जंत्री देणारे नाहीत. एकात सत्ता कशी मिळवावी व टिकवावी याचा, तर दुसऱ्यात एक राष्ट्र जगभर कसे पसरले याचा विचार आहे. इतिहास म्हणजे एका प्रश्नाभोवती जमवलेले पुरावे, ही दृष्टी तरुण अनुवादकाला या दोन ग्रंथांच्या सहवासात लाभली असल्यास नवल नाही.

२. राजपुत्रांचा वर्ग

वाचकाच्या कामाला लवकरच अध्यापनाची जोड मिळाली. महाराजांच्या मुलांना शिकवण्याचे काम सरदेसाई यांच्याकडे आले आणि त्यात इतिहास हा विषय होता. येथे त्यांना अशी अडचण आली की, तीच त्यांच्या पुढील सत्तर वर्षांचे बीज ठरली. हिंदुस्थानच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ होते. मराठ्यांच्या इतिहासावर ग्रँट डफचा १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ होता आणि त्याच्या उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिल्या होत्या. मराठीतून सलग, विश्वसनीय आणि वर्गात शिकवता येईल असा इतिहास मात्र नव्हता. शिक्षकाला मग एकच मार्ग उरला. अनेक ग्रंथ वाचावयाचे, प्रत्येकातून हवा तो भाग टिपावयाचा आणि त्या टिपणांतून पाठ रचावयाचा.

वाचकाचे टिपण आणि शिक्षकाचे टिपण यांत मूलभूत भेद आहे. वाचक ग्रंथाच्या क्रमाने टिपतो, कारण त्याला ग्रंथाचे सार सांगावयाचे असते. शिक्षकाला पाठ द्यावयाचा असतो आणि पाठ एका विषयाचा असतो. एका पाठासाठी चार ग्रंथांतील मजकूर एकत्र आणावा लागतो आणि एका ग्रंथातील मजकूर चार पाठांत वाटावा लागतो. टिपणांची ग्रंथानुसारी रचना मोडून विषयानुसारी रचना करणे ही शिक्षकाची गरज असते. सरदेसाई यांच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे, एकाच काळात आली. दिवसाचा काही भाग ते ग्रंथाच्या क्रमाने वाचत होते आणि काही भाग त्याच वाचनाची फेरजुळणी करून मुलांना शिकवत होते. त्यांच्या लेखनाचे गुण आणि दोष या दुहेरी चाकरीतून आले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या टाचणांचा संग्रह वाढत गेला. राजपुत्रांसाठी काढलेले हे साहित्य मराठी वाचकांपुढे यावे, या विचाराला महाराजांचे उत्तेजन मिळाले आणि १८९८ साली 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली. बत्तीस-तेहतीस वर्षांचा एक दरबारी चाकर इतिहासकार झाला तो असा, वर्गाच्या गरजेतून. 'रियासत' हा शब्दही सूचक आहे. त्याचा अर्थ राज्य, अंमल. मुसलमानी, मराठी आणि ब्रिटिश अशा तीन रियासतींत हिंदुस्थानचा सुमारे आठशे वर्षांचा काळ बसवण्याची योजना या एका शब्दावर उभी राहिली. विषय म्हणजे सत्ता आणि विषयाची सीमा म्हणजे त्या सत्तेचा काळ, ही त्या योजनेतील पहिली आणि सर्वांत मोठी विभागणी होती.

३. १८९८ : दोन वाटा

मराठी इतिहासलेखनात १८९८ हे वर्ष दुसऱ्या एका कारणानेही संस्मरणीय आहे. याच साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. राजवाडे सरदेसाई यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे होते. पण दोघांच्या वाटा अगदी भिन्न होत्या. राजवाड्यांच्या मते अस्सल कागद छापले गेल्याखेरीज इतिहास लिहिणे हे उतावळेपणाचे होते. त्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली, ती छापली आणि आपले विचार प्रस्तावनांतून मांडले. सरदेसाई यांनी उपलब्ध ग्रंथांच्या आधारे आधी सलग कथा उभी केली आणि नवीन कागद येतील तसतशी ती सुधारत जाण्याचे ठरवले.

या भेदाकडे केवळ स्वभावभेद म्हणून पाहणे पुरेसे नाही. राजवाड्यांपुढे वर्ग नव्हता. सरदेसाई यांच्यापुढे उद्याच्या पाठाची वाट पाहणारी मुले होती. सगळे पुरावे हाती येईपर्यंत थांबण्याची मुभा संशोधकाला असते, शिक्षकाला नसते. शिक्षक आज हाती असलेल्या पुराव्यावर पाठ देतो आणि पुढच्या वर्षी तोच पाठ सुधारून देतो. पुण्यातील संशोधकांच्या वर्तुळात रियासतीला संकलन म्हणून कमी लेखण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ होती. ते संकलन होते, हे खरेच आहे. परंतु विखुरलेल्या कागदांना ज्या सलग कथेत बसवून पाहावयाचे ती कथा मराठीत प्रथम या संकलनाने उपलब्ध करून दिली, हेही तितकेच खरे आहे. राजवाड्यांच्या खंडांतील पत्रे समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याला आजही रियासत उघडावी लागते.

४. मराठी रियासत आणि जदुनाथांचा सहवास

१९०२ साली मराठी रियासतीचा पूर्वार्ध प्रसिद्ध झाला. त्यानंतर मध्यविभागाचे चार आणि उत्तरविभागाचे तीन भाग १९३२ पर्यंत क्रमाने बाहेर पडले. म्हणजे एकच ग्रंथ तीस वर्षे लिहिला जात होता. यातील बहुतेक काळ सरदेसाई बडोद्याच्या चाकरीत होते. महाराजांबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला, दरबारची कामे केली आणि उरलेल्या वेळात वाचन व लेखन चालू ठेवले. या तीस वर्षांत राजवाडे, पारसनीस, खरे आदींनी छापलेल्या साधनांचा ओघ सतत वाढत होता. प्रत्येक नव्या खंडाबरोबर आधीची टिपणे अपुरी ठरत होती.

याच काळात त्यांचा जदुनाथ सरकार यांच्याशी स्नेह जुळला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेला हा पत्रव्यवहार पुढे सुमारे अर्धशतक चालला. एक बंगाली, फार्सी साधनांचा अधिकारी अभ्यासक; दुसरा मराठी, मोडी कागदांत रमलेला. एकाच घटनेची मराठी बाजू आणि मोगल बाजू ताडून पाहण्याची संधी या स्नेहाने दोघांनाही मिळाली. दोघांच्या पत्रव्यवहाराचे मोल अलीकडच्या अभ्यासकांनी विशेष ओळखले आहे. दीपेश चक्रवर्ती यांचा जदुनाथांवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ मोठ्या प्रमाणावर याच पत्रांवर उभा आहे.

विषयवार टिपणाच्या दृष्टीने या स्नेहाचा एक परिणाम लक्षणीय आहे. विषयानुसार मजकूर जमवताना काळाचा धागा हातून सुटण्याचा धोका असतो. एका मथळ्याखाली दहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या घटना शेजारी येतात आणि एक दुसरीचे कारण वाटू लागते. जदुनाथांचा कटाक्ष तिथी-तारखांच्या काटेकोरपणावर होता. कागद कोणत्या दिवशीचा, लिहिणारा त्या दिवशी कोठे होता, बातमी त्याला कशी कळली, हे ठरल्याखेरीज कागदाचा उपयोग करावयाचा नाही, ही शिस्त सरदेसाई यांच्या उत्तरकालीन लेखनात ठळकपणे दिसते. १९२६ साली पाटणा विद्यापीठात त्यांनी मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाहांवर इंग्रजीत व्याख्याने दिली. आयुष्यभराच्या कालानुक्रमिक लेखनातून काही मोजके विषय निवडून त्यांच्याभोवती सारा इतिहास पुन्हा मांडण्याचा तो प्रयत्न होता.

५. कामशेत आणि पेशवे दप्तर

१९२५ साली सरदेसाई बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले आणि मावळात इंद्रायणीकाठी कामशेत येथे राहावयास आले. हा काळ त्यांच्या खाजगी आयुष्यात अत्यंत दुःखाचा होता. शांतिनिकेतनात शिकलेला त्यांचा कर्तबगार मुलगा श्यामकांत ऐन तारुण्यात गेला. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्याच्यासाठी संसार मांडला तोच गेल्यावर साठीतला माणूस सहसा हात गाळून बसतो. सरदेसाई यांच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम मात्र यानंतर सुरू झाले.

पुण्यातील पेशवे दप्तर हा मराठ्यांच्या इतिहासाचा सर्वांत मोठा कागदसंग्रह होय. १८१८ नंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांच्या चौकशीसाठी त्याची लावालाव झाली. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा अशा विभागांत हजारो रुमाल बांधलेले होते. ही रचना हिशेबी कारभाराची आणि इनामाचा हक्क तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या सोयीची होती. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशींतील उतारे निवडले होते आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांवर विवेचन केले होते. पण एकूण दप्तर अभ्यासकांना दीर्घकाळ बंदच होते. जदुनाथांच्या पुढाकाराने मुंबई सरकारने निवडक कागद छापण्याचे ठरवले आणि संपादक म्हणून सरदेसाई यांची नेमणूक झाली. बडोद्याहून आलेल्या निवृत्त गृहस्थाकडे हे काम जावे, याबद्दल पुण्याच्या संशोधकांत नाराजी होती. त्या नाराजीत मत्सराचा अंश असेल, पण एक रास्त आक्षेपही होता. निवड करणारा माणूस निवडीबरोबर इतिहासही ठरवतो, मग तो अधिकार एकाच्या हाती का असावा, असा तो आक्षेप होता.

१९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. पासष्टी ओलांडलेल्या संपादकाने मदतनिसांसह हे काम एवढ्या अल्पावधीत पुरे केले, हे आजही आश्चर्यकारक वाटते. या खंडांची मांडणी आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. रुमालांचा मूळ क्रम बाजूला ठेवून सरदेसाई यांनी प्रत्येक खंडाला एक विषय दिला. उदगीरची लढाई, पानिपतचे प्रकरण, शाहू महाराजांचे खाजगी जीवन, पहिला बाजीराव आणि त्याचे कुटुंब, असे ते विषय होते. चाळीस वर्षांपूर्वी राजपुत्रांच्या वर्गासाठी ग्रंथांची रचना मोडून पाठांची रचना करणाऱ्या शिक्षकाने आता तोच प्रयोग पेशव्यांच्या दप्तरावर केला होता.

त्याचा लाभ उघड आहे. पानिपतावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पानिपतसंबंधीची पत्रे एका ठिकाणी मिळाली. मोडी न वाचता येणाऱ्या प्राध्यापकाला अस्सल साधन देवनागरीत हाती आले. परंतु हानीही झाली. एका पत्रात लष्कराच्या हालचालीबरोबर कर्जाची तगाद्याची ओळ असते, धान्याच्या धारणीची बातमी असते, घरातील आजारपणाचा उल्लेख असतो. संपादक ते पत्र एकाच मथळ्याखाली घालू शकतो. मोहिमेच्या खंडात गेलेल्या पत्रातील धारण शोधण्यास अर्थव्यवस्थेचा अभ्यासक सहजासहजी जात नाही. शिवाय रुमालात त्या पत्राच्या शेजारी कोणता कागद होता, ही माहितीही छापील खंडात उरत नाही. विषयवार रचना ज्या प्रश्नासाठी केली त्याचे उत्तर चटकन देते. ज्या प्रश्नाची कल्पनाच त्या वेळी केली गेली नाही, त्याला ती बहुधा मुकी राहते.

६. मथळ्याचा निवाडा

विषयवार रचनेचा याहून सूक्ष्म धोका सरदेसाई यांच्याच एका ग्रंथमालेत दिसतो. मराठी रियासतीच्या आरंभीच्या भागाचे पुनर्लेखन करताना १९३५ च्या सुमारास त्यांनी तो व्यक्तिवार भागांत प्रसिद्ध केला. शिवाजी महाराजांवरील भागाला 'शककर्ता', संभाजी महाराजांवरील भागाला 'उग्रप्रकृति' आणि राजाराम महाराजांवरील भागाला 'स्थिरबुद्धि' ही विशेषणे नावातच जोडलेली आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने अशी विशेषणे सोयीची असतात. मुलांच्या लक्षात राहतात, एका शब्दात पाठाचा आशय येतो. पण ग्रंथ उघडण्यापूर्वीच वाचकाच्या हाती निकाल दिला जातो. 'उग्रप्रकृति' या मथळ्याखाली जमवलेल्या टिपणांत उग्रपणाचा पुरावा आपोआप वर येतो. त्याच राजाचे संस्कृत पांडित्य, त्याची राज्यव्यवस्था, मोगल सत्तेशी त्याने नऊ वर्षे दिलेली झुंज हे विषय त्या मथळ्याला पूरक न ठरल्यामुळे मागे पडतात.

१९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढे कमल गोखले यांच्या संशोधनाने त्या चित्रात आणखी भर पडली. या दोन्ही अभ्यासकांनी नवीन साधने आणली हे खरे. पण जुन्या साधनांकडेही त्यांनी नव्या मथळ्याखाली पाहिले, हे अधिक महत्त्वाचे आहे. उत्तरकालीन बखरींतील वर्णने आणि समकालीन कागद यांची त्यांनी फारकत केली. टिपण तेच राहिले तरी ते कोणत्या मथळ्याखाली ठेवले यावर त्याचे वजन ठरते, याचा इतका स्पष्ट दाखला मराठी इतिहासलेखनात विरळा. सरदेसाई यांच्या हेतूविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढील बखरी आणि आधीचे ग्रंथ त्यांना त्याच दिशेने नेत होते. परंतु प्रामाणिक माणसालाही मथळा फसवू शकतो, एवढे यातून निश्चित होते.

७. ऐंशीनंतरची फेरमांडणी

सरदेसाई यांचे मोठेपण कशात आहे, याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या पर्वात सापडते. पेशवे दप्तराचे काम संपल्यावर जदुनाथांसमवेत पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या मालेचे संपादन त्यांनी हाती घेतले. या साऱ्या नव्या साधनांमुळे आपली जुनी रियासत अनेक ठिकाणी कालबाह्य झाली आहे, हे त्यांना स्वतःला दिसत होते. ऐंशीच्या उंबरठ्यावरील ग्रंथकाराने आपल्या कीर्तीचा आधार असलेल्या ग्रंथाकडे असे पाहणे सोपे नसते. त्यांनी मराठ्यांचा संपूर्ण इतिहास पुन्हा एकदा, या वेळी इंग्रजीत, तीन खंडांत लिहिला. १९४६ ते १९४८ या काळात हे खंड प्रसिद्ध झाले.

या ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी महत्त्वाच्या घटनांचा कालक्रम दिलेला आहे आणि त्याच्याबरोबर त्या प्रकरणातील विषयांची मालिका मांडलेली आहे. वरवर पाहता ही विद्यार्थ्याची एक सोय आहे. पण तिच्यात एका दीर्घ आयुष्याचा अनुभव साठलेला आहे. काळ आणि विषय यांपैकी एकावर विसंबले तर इतिहास लंगडा होतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचकाला एकाने दुसरे तपासू द्यावे, असा तो अनुभव आहे. कालक्रमात जी घटना आहे ती विषयांच्या मालिकेत कोठे गेली, हे वाचक स्वतः शोधू शकतो आणि ती सापडली नाही तर लेखकाला जाब विचारू शकतो.

१९५७ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी कामशेत येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे मराठी रियासत पुढील पिढ्यांनी वाचली. पॉप्युलर प्रकाशनाने स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली तिची नवी आवृत्ती काढल्यामुळे ती आजच्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही उपलब्ध आहे.

८. पळसदेवच्या वहीकडे

आता आरंभीच्या विद्यार्थ्याकडे परत यावयास हरकत नाही. बाबूजी नाईक बारामतीकर रियासतीत कोठे कोठे भेटतात हे पाहिले तर सरदेसाई यांच्या रचनेचे स्वरूप लख्ख दिसते. बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना दिलेली होती. हा उल्लेख पेशव्यांच्या कुटुंबाच्या हकीकतीत येतो. बाबूजींनी बाजीरावाला मोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या होत्या. तो उल्लेख पेशव्यांच्या कर्जबाजारीपणाच्या विवेचनात येतो. १७४० साली बाजीराव वारल्यावर रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बाबूजींची बाजू घेतली आणि शाहू महाराजांनी ते पद बाळाजी बाजीरावाला दिले. हा प्रसंग पेशव्यांच्या वारसाहक्काच्या प्रकरणात येतो. पुढे कर्नाटकाच्या मोहिमेतील त्यांचे अपयश आणखी वेगळ्या ठिकाणी येते. प्रत्येक ठिकाणी बाबूजी नाईक हे दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीतील पात्र आहेत, कारण रियासतीचा विषय सत्ता आहे आणि सत्तेचे केंद्र सातारा-पुणे आहे. कऱ्हेकाठची बारामती हा तेथे स्वतंत्र मथळा नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र तोच मथळा हवा असतो. पन्हाळ्यास जन्मलेला एक कवी बारामतीस येऊन आयुष्यभर राहतो, नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगतो आणि तेथेच १७९४ साली देह ठेवतो, हे सावकारी पेढी, पेशव्यांशी असलेली सोयरीक आणि राजकारणातील पराभव यांच्या संदर्भात पाहिल्याखेरीज नीट उमगत नाही. पेशवेपद हुकलेल्या सावकाराच्या वाड्यात विद्येला आश्रय मिळतो, हा प्रश्न सरदेसाई यांच्या योजनेत बसणारा नव्हता. पण त्याचे बहुतेक धागे त्यांनीच जपून ठेवले आहेत. रियासतीच्या चार प्रकरणांतील चार टिपणे एका नव्या कागदावर आणली, प्रत्येकापुढे साल आणि मूळ प्रकरण नोंदवले की तो प्रश्न उभा राहतो. मूळ प्रकरणाची नोंद अशासाठी की, आपण केलेला मथळाही उद्या कोणाला मोडावासा वाटेल आणि त्याला परतीची वाट सापडली पाहिजे.

विषय वाचण्यापूर्वी कसे ठरवावयाचे, या प्रश्नाला सरदेसाई यांच्या जीवनातून मिळणारे उत्तर असे आहे. पहिला मथळा गरजेतून येतो. बडोद्याच्या वर्गात तो मुलांच्या पाठातून आला, पळसदेवच्या वहीत तो निबंधाच्या विषयातून येईल. तो तात्पुरता असतो आणि तात्पुरता आहे हे विसरले की त्याचा निवाडा होतो. सरदेसाई हे क्वचित विसरले, जसे विशेषणांच्या बाबतीत. पण एकंदर आयुष्यात त्यांनी आपली मांडणी पुन्हा पुन्हा उसकटली. ग्रंथांची टिपणे पाठांत, पाठ रियासतीत, रुमाल खंडांत आणि सारी रियासत एका नव्या इतिहासात, असा तो प्रवास वयाच्या चोविसाव्या वर्षापासून त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत चालला.

जुने पळसदेव उजनीच्या जलाशयाखाली गेले आणि गाव वर सरकून नव्याने वसले. उन्हाळ्यात पाणी खूप ओसरले की पळसनाथाचे दगडी मंदिर पुन्हा दिसू लागते. त्या मंदिराच्या आणि तेथील वीरगळांच्या अभ्यासाला कोणत्याही रियासतीत मथळा नाही. तो विद्यार्थी मोरोपंतांचा निबंध पुरा करून आता त्याच वहीच्या मागच्या पानांवर आपल्या गावाची टिपणे काढत आहे. त्याने त्यांना अद्याप नाव दिलेले नाही आणि मीही त्याला घाई केलेली नाही.